फ्रेंचांचा दाखला आणि आपली शब्दमोजणी

मराठीच्या भवितव्यावर कोठेही चर्चा भरो, ती फार वेळ फ्रेंचांवाचून राहत नाही. ‘फ्रेंच माणूस बघा, इंग्रजी येत असूनही बोलत नाही’, ‘त्यांची अकादमी प्रत्येक इंग्रजी शब्दास प्रतिशब्द काढते’, ‘तिथे इंग्रजी शब्द वापरला तर दंड होतो’ ही वाक्ये व्याख्यानांतून, अग्रलेखांतून आणि महाविद्यालयांच्या स्टाफरूममधून इतक्या वेळा ऐकू येतात की त्यांची शहानिशा करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. दुसऱ्या पक्षाचे उत्तरही ठरलेले असते : ‘अहो, तेच फ्रेंच दर शुक्रवारी एकमेकांस चांगला “वीकेंड” चिंततात, गाडी “पार्किंग”मध्ये लावतात, मग कसला आला भाषाभिमान?’ पहिला पक्ष फ्रेंचांनी वेशीवर अडवलेले शब्द मोजतो, दुसरा आत शिरलेले मोजतो. मोजपट्टी दोघांची एकच आहे.

माझा आक्षेप या मोजपट्टीवर आहे. रोजच्या व्यवहारातील इंग्रजी शब्द आणि वाक्प्रयोग फ्रेंचमध्ये कसे आणावेत, या प्रश्नावर फ्रान्समध्ये आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गेली साठ-सत्तर वर्षे जितका खल झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. त्या अनुभवातून निघणारा धडा नामांच्या यादीत सापडत नाही. एखादा प्रसंग उभा राहिला असता त्या भाषेचा माणूस स्वतःच्या भाषेच्या चालीने बोलतो, की परक्या वाक्यावर आपल्या भाषेची अक्षरे चढवून बोलतो, हा खरा प्रश्न आहे. फ्रेंचांचा दाखला देणारे आपले दोन्ही पक्ष नेमका हाच प्रश्न विचारीत नाहीत.

कायदा खरोखर काय म्हणतो

प्रथम दंतकथा बाजूस सारू. १६३५ साली रिशल्यूने स्थापिलेली फ्रेंच अकादमी प्रत्येक इंग्रजी शब्दामागे धावत नसते. आधुनिक काळात प्रतिशब्दांचे काम शासकीय समित्यांकडे आले. १९७२च्या एका हुकूमनाम्याने निरनिराळ्या मंत्रालयांत परिभाषा समित्या नेमण्याची व्यवस्था झाली. १९९६ साली त्या व्यवस्थेची नव्याने घडी बसविण्यात आली. समित्या शब्द सुचवितात, अकादमीची संमती घेतली जाते, आणि मग तो शब्द राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो पाळणे बंधनकारक असते ते शासकीय कार्यालयांवर व सार्वजनिक सेवांवर.

ज्या कायद्याचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते, तो ४ ऑगस्ट १९९४चा तुबाँ कायदा. त्या वेळचे सांस्कृतिक मंत्री जाक तुबाँ यांच्या नावाचे इंग्रजी भाषांतर करून विनोदवीरांनी त्यांना ‘मिस्टर ऑलगुड’ केले होते, ही गोष्टही त्याच काळची. जाहिराती, मालाच्या वापराच्या सूचना, हमीपत्रे, नोकरीचे करार यांत फ्रेंच असलीच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ग्राहक व कामगार यांच्या दृष्टीने ही फार मोलाची तरतूद आहे. परंतु मूळ मसुद्यास याहून पुढे जावयाचे होते. अधिकृत प्रतिशब्द असेल तेथे खाजगी व्यक्तींनी व प्रसारमाध्यमांनीही तोच वापरावा, असा त्याचा रोख होता. फ्रान्सच्या संविधान परिषदेने २९ जुलै १९९४च्या निर्णयात तो भाग रद्द केला. आधार घेतला तो १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील विचारस्वातंत्र्याच्या कलमाचा. नागरिकाने कोणत्या शब्दात बोलावे हे शासनाने ठरवू नये, असे त्या निर्णयाचे सार आहे.

म्हणजे ‘इंग्रजी शब्द वापरला तर दंड’ हा जो दाखला आपण देतो, तो ज्या देशाचा म्हणून देतो त्याच देशाने घटनेच्या पायावर नाकारला आहे. कायदा भाषेस जागा मिळवून देऊ शकतो. त्या जागेत कोणता शब्द बसेल हे मात्र त्यास ठरवता आले नाही.

जगलेले शब्द आणि मेलेले शब्द

यावरून ‘मग प्रतिशब्द करणे व्यर्थच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई दुसरा पक्ष करतो. तीही चूक आहे. फ्रेंचांनी घडविलेले कित्येक शब्द इतके रुळले आहेत की आज कोणास त्यांचा जन्म आठवत नाही. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संगणकाचे.

१९५५ साली आयबीएम कंपनीच्या फ्रेंच शाखेस आपल्या नव्या यंत्रासाठी नाव हवे होते. ‘काल्क्युलातर’ म्हणजे ‘गणना करणारा’ हा शब्द हाताशी होता, आणि ‘कॉम्प्युटर’चे ते बरोबर भाषांतरही झाले असते. पण हे यंत्र गणनेपेक्षा अधिक काही करणार होते. कंपनीने सोर्बोनमधील लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांचा सल्ला घेतला. १६ एप्रिल १९५५च्या पत्रात पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ हा शब्द सुचविला. जगास व्यवस्था लावणारा या अर्थी ईश्वराचे विशेषण म्हणून तो जुन्या कोशात पडून होता. पेरे यांनी इंग्रजी शब्दाकडे पाठ केली, यंत्राकडे पाहिले, आणि आपल्या भाषेच्या जुन्या पेटीतून त्यास शोभेलसे नाव काढले. आज फ्रेंच मूल ‘ऑर्दिनातर’च म्हणते. आपला ‘संगणक’ही उत्तम रुळला आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण तो ‘काल्क्युलातर’च्या वाटेने आला आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९६२ साली फिलिप द्रेफ्यूस यांनी ‘माहिती’ आणि ‘स्वयंचलित’ या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘अँफॉर्मातिक’ घडविला. हार्डवेअरसाठी ‘मातेर्येल’ (साहित्य, सामग्री) हा घरचाच शब्द होता; त्याच्या जोडीस ‘तर्क’ या अर्थाच्या धातूपासून सॉफ्टवेअरसाठी ‘लोजिस्येल’ झाला. या शब्दास लगेच भावंडे झाली : शिकविणारी आज्ञावली ‘दिदाक्तिस्येल’, तयार आज्ञावलींचा संच ‘प्रोजिस्येल’. ज्या शब्दास पोरेबाळे होतात तो सहसा मरत नाही. ‘डिजिटल’चे तसेच. फ्रेंचमध्ये ‘दिजिताल’ म्हणजे बोटांचा. बोटांच्या ठशांस ते हेच विशेषण लावतात. म्हणून अंक या अर्थाच्या शब्दावरून आलेला ‘न्युमेरिक’ तेथे स्वाभाविक वाटला. एकाच गाडीतून वाटून प्रवास करणे यास ‘कोव्वात्यूराज’ म्हणतात. त्यात ‘व्वात्यूर’ म्हणजे गाडी हा शब्द कोणासही ऐकू येतो. वॉकमनसाठी ‘बालादर’ (भटक्या) आला आणि ती वस्तू होती तोवर चांगला चालला.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१३मध्ये राजपत्राने ‘हॅशटॅग’साठी ‘मो-दिएझ’ दिला. ‘दिएझ’ हे संगीतातील तीव्र स्वराचे चिन्ह. ते हॅशच्या चिन्हासारखे दिसते, पण ते वेगळे चिन्ह आहे. जाणकारांनी प्रथम तेवढ्यावरूनच टर उडविली. २०१८ साली ‘स्मार्टफोन’साठी ‘बहुकार्यी मोबाइल’ अशा अर्थाचा शब्द सुचविला गेला. २०२२ साली व्हिडिओ खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्या ‘स्ट्रीमर’साठी ‘थेट प्रक्षेपणातील खेळाडू-सूत्रसंचालक’ अशा अर्थाचा तीन शब्दी प्रयोग राजपत्रात आला. ‘मार्केटिंग’साठीचा ‘मेर्कातीक’ पाठ्यपुस्तकांच्या फारसा बाहेर पडला नाही. हे शब्द अशुद्ध नाहीत, उलट अतिशय शुद्ध आहेत. त्यांचा दोष असा की बहुतेक ठिकाणी नाव ठेवावयाचे असताना समितीने व्याख्या दिली, आणि तीही इंग्रजी नाव लोकांच्या तोंडात विरघळून गेल्यावर.

उशीर झाला म्हणजे सर्व संपले असेही नाही. ‘फेक न्यूज’ हा प्रयोग फ्रान्सभर झालेला असतानाही २०१८ साली सुचविलेला ‘अँफॉक्स’ वृत्तपत्रांनी व आकाशवाणीने उचलला. कारण जाणूनबुजून केलेल्या अपप्रचारास ‘अँतॉक्स’ म्हणण्याची रीत बोलीत आधीपासून होती. नव्या शब्दास तिने खांदा दिला. क्वेबेकमध्ये ‘स्पॉइलर’साठी ‘दिव्ह्युल्गाशे’ हे क्रियापद झाले. फोडणे आणि नासवणे या अर्थांची दोन घरगुती क्रियापदे एकमेकांत शिरवून ते केले आहे. एखाद्याने चित्रपटाचा शेवट सांगून टाकला की त्याच्यावर खेकसताना वापरता येईल असा हा शब्द आहे, म्हणून तो फ्रान्समधल्या कोशांतही पोचला.

म्हणजे जगलेल्या शब्दांत समान काय? त्यांनी इंग्रजी शब्दाचे भाषांतर केले नाही. वस्तूकडे किंवा प्रसंगाकडे पाहून आपल्या भाषेतील जिवंत कुळातला शब्द उभा केला. आणि ते कोठल्या तरी कामात लगेच जुंपले गेले.

पचवणे

येथे आणखी एक गोष्ट विसरली जाते. परका शब्द घेतला तरी तो परकाच राहतो असे नाही. इंग्रजी ‘रायडिंग कोट’चा फ्रेंचांनी ‘रदँगॉत’ केला, ‘पॅकेट बोट’चा ‘पाकबो’, आणि ‘बोलिंग ग्रीन’चा तर ‘बुलँग्रँ’ असा केला की मूळ इंग्रजाच्या कानासही ओळखू येऊ नये. उलट, ज्या शब्दांवरून आज रडारड होते त्यांतील कित्येक माहेरी आलेल्या मुली आहेत. ‘बजेट’ हा जुन्या फ्रेंच ‘बूजेत’चा, म्हणजे चामडी थैलीचा, इंग्लंडहून परतलेला अवतार. टपालाच्या ‘मेल’च्या मुळाशीही जुनी फ्रेंच पिशवीच आहे, आजच्या फ्रेंचमधील ‘माल’ (मोठी पेटी) हा तिचा सख्खा नातेवाईक. आणि फ्रेंचमधील काही ‘इंग्रजी’ शब्द इंग्रजांनीच कधी ऐकलेले नसतात : रात्रीच्या मेजवानीच्या कोटास फ्रेंच माणूस ‘स्मोकिंग’ म्हणतो, आणि धोब्याच्या दुकानास ‘प्रेसिंग’. हे शब्द इंग्रजी भासतात खरे, पण ते फ्रेंचांनी फ्रेंचांसाठी केलेले आहेत. शब्दमोजणीत यांस कोणत्या रकान्यात घालावयाचे?

रने एतियांब्ल या विद्वानाने १९६४ साली ‘पार्ले-व्हू फ्रांग्ले?’ हे गाजलेले पुस्तक लिहिले आणि ‘फ्रांग्ले’ हा शब्द सर्वतोमुखी केला. त्याचे नाव घेणाऱ्यांना आठवते ती त्यातली इंग्रजी शब्दांची जंत्री. वस्तुतः त्याने या संकरभाषेचे उपहासाने व्याकरणच मांडले होते. विशेषण कोठे बसते, शब्द जोडले कसे जातात, उच्चार कसे बिघडतात, यावर त्याचा खरा राग होता. त्या रागातला अर्धा भाग, आणि तोही हलका अर्धा, आपण उचलला.

रस्त्यावरच्या पाट्या

या सर्व वादात मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते एक शांत डोक्याचे पुस्तक. झाँ-पोल व्हिने आणि झाँ दार्बेल्ने यांचा फ्रेंच-इंग्रजीच्या तौलनिक शैलीविचाराचा ग्रंथ १९५८ साली निघाला. भाषांतराचे सात मार्ग सांगणारा ग्रंथ म्हणून अनुवादाच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव येते. उसनवारीपासून रूपांतरापर्यंतचे ते सात प्रकार विद्यार्थी पाठही करतात. पण त्याचा आरंभ न्यूयॉर्कहून माँट्रियलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होतो, हे फारसे सांगितले जात नाही. लेखक वाटेवरच्या पाट्या वाचीत जातात. सीमा ओलांडल्यावर त्याच पाट्या फ्रेंचमध्येही दिसू लागतात, आणि काहीतरी खटकते. इंग्रजी पाटी म्हणते ‘स्लो’. कॅनडातील फ्रेंच पाटीने त्याचे कोशातील भाषांतर केले आहे : ‘सावकाश’. शब्द फ्रेंच आहे, शुद्ध आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण फ्रान्समधल्या रस्त्यावर त्या जागी ‘रालांतीर’, म्हणजे ‘वेग कमी करणे’ हे क्रियापद असते. एकही इंग्रजी शब्द नसलेली ती पाटी आतून इंग्रजीच होती.

हा धागा पकडून रोजच्या पाट्या पाहाव्यात. इंग्रज म्हणतो ‘वेट पेंट’. फ्रेंच म्हणतो ‘पँत्यूर फ्रेश’, ताजा रंग. एकास ओलावा दिसतो, दुसऱ्यास ताजेपणा. इंग्रज फाटकावर ‘बिवेअर ऑफ द डॉग’ लिहितो, म्हणजे येणाऱ्यास उपदेश करतो; फ्रेंच नुसते ‘श्यँ मेशाँ’ लिहितो, म्हणजे ‘दुष्ट कुत्रा’, आणि काय करावयाचे ते येणाऱ्याच्या शहाणपणावर सोडतो. हिरवळीवर इंग्रज ‘दूर राहा’ म्हणतो, फ्रेंच ‘हिरवळ निषिद्ध’ म्हणतो. या पाट्यांचे शब्दशः भाषांतर करणारास कोशात एकही चूक सापडणार नाही, तरीही ती पाटी वाचून फ्रेंच माणूस क्षणभर थबकेल.

बोलण्यात तर हे पदोपदी घडते. ‘आय मिस यू’ या तीन शब्दांत इंग्रज कर्ता स्वतः असतो. फ्रेंचमध्ये ‘त्यू म मांक’ : तू मला उणा आहेस, कर्ता समोरचा माणूस. इंग्रजी विद्यार्थ्याची येथे हटकून चूक होते आणि तो नकळत ‘मी तुला उणा आहे’ असे सांगून बसतो. मराठी विद्यार्थ्यास हे वळण परके वाटू नये. ‘तुझी आठवण येते’ यातही ‘मी’ कर्ता नाहीच. ‘ही रॅन अक्रॉस द रोड’ यात इंग्रजी धावणे क्रियापदात ठेवते आणि ओलांडणे एका अव्ययात. फ्रेंच नेमके उलटे करते : ओलांडणे क्रियापदात, धावणे मागाहून. मराठीतही आपण ‘धावत रस्ता ओलांडला’ असेच म्हणतो. ‘होम’ला फ्रेंचमध्ये एक शब्द नाही, ‘मेझाँ’ ही इमारत झाली आणि ‘फ्वाये’ ही चूल. घरी जाणे म्हणावयाचे तर ‘शे म्वा’ म्हणावे लागते, आणि यातला ‘शे’ हा लॅटिनमधील ‘घर’ या शब्दाचाच झिजून उरलेला तुकडा आहे. म्हणजे शब्द नाही, पण घर आहे. ते अव्ययात जाऊन बसले आहे.

आणि सर्वांत साधा ‘यू’. ‘हाउ आर यू’चे फ्रेंच करताना ‘त्यू’ की ‘व्हू’ हे ठरविल्यावाचून पहिले पाऊल टाकता येत नाही. समोर कोण आहे, वय काय, ओळख किती जुनी, दुकानदार की मेहुणा, याचे उत्तर वाक्यात नसते. ते प्रसंगात असते. तू, तुम्ही, आपण यांत रोज निवड करणाऱ्या मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पण मग ‘यू म्हणजे तुम्ही’ असा कोशार्थ देऊन पुढे जाणारा तासही त्याने मान्य करू नये.

क्वेबेक : कोण अधिक फ्रेंच?

शब्दमोजणी कशी फसवते हे पाहावयाचे तर फ्रान्स आणि क्वेबेक शेजारी ठेवावेत. फ्रान्समधील थांबण्याच्या पाटीवर ‘स्टॉप’ असते, क्वेबेकमध्ये ‘आरे’. पॅरिसकर ‘पार्किंग’ म्हणतो, माँट्रियलकर ‘स्तास्यॉनमाँ’. पॅरिसचा ‘वीकेंड’ क्वेबेकमध्ये ‘फँ द स्मेन’, आठवड्याचा शेवट, असतो. हाच प्रयोग फ्रान्समध्ये केला तर कामाच्या आठवड्याचे अखेरचे दिवस, गुरुवार-शुक्रवार, असा समज होण्याचा संभव. ई-मेलसाठीचा ‘कुर्येल’ क्वेबेकनेच रूढ केला आणि २००३ साली फ्रान्सच्या राजपत्राने तो उसना घेतला. त्यातच ‘कुजका’ हा अर्थ मिसळून नको असलेल्या पत्रांसाठी ‘पुर्येल’ही क्वेबेकने केला. मोजणीत क्वेबेक सहज जिंकते.

पण तेच माँट्रियलकर सकाळी भेटल्यावर ‘बाँ मातँ’ म्हणताना ऐकू येतात. शब्द दोन्ही फ्रेंच, अभिवादन मात्र ‘गुड मॉर्निंग’चे, फ्रेंच रीत ‘बाँजूर’ची. आभार मानल्यावर ते ‘ब्यँव्हन्यू’, सुस्वागतम्, असे उत्तर देतात, कारण इंग्रजीत ‘यू आर वेलकम’ म्हणतात. फिरावयास जाताना ते ‘चाल घेतात’. क्वेबेकच्या भाषा-कार्यालयास हे ठाऊक आहे आणि ते यांतील कित्येक प्रयोगांबाबत सावधही करते. पण वाक्याच्या वळणावर पाटी लावता येत नाही. फ्रान्समध्ये दुसरे टोक : ‘पार्किंग’, ‘शॉपिंग’, ‘वीकेंड’ बिनदिक्कत म्हणणारा माणूस अभिवादन, आभार, क्षमायाचना मात्र पूर्णपणे फ्रेंच रीतीने करतो. अलीकडे तेथेही ‘मेक सेन्स’वरून आलेला ‘फेर साँस’ बोकाळला आहे, आणि अकादमीचे सदस्य त्यावर हताशपणे लिहितात. मग अधिक फ्रेंच कोण? नामे मोजून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही.

क्वेबेकवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तेथील लढा हौसेचा नव्हता. बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कारखान्यातला वरिष्ठ इंग्रजी बोलणारा, यंत्राच्या भागांची नावे इंग्रजी, आणि बढतीची भाषाही इंग्रजी, अशी स्थिती होती. मोटार दुरुस्त करणाऱ्या फ्रेंच कामगारास मोटारीच्या भागांची फ्रेंच नावे ठाऊक नसत. १९६१ साली भाषा-कार्यालय स्थापन झाले आणि १९७७च्या सनदेने फ्रेंच ही कामाची, व्यापाराची, शिक्षणाची भाषा केली. मोटारीच्या काचेचे फ्रेंच नाव त्या कामगारास मिळाले, कारण त्यास आता फ्रेंचमध्ये काम मिळत होते. प्रतिशब्दांची यादी ही त्या बदलाची सावली होती. सावलीसच शरीर मानले की काय होते, तेही क्वेबेकनेच दाखविले : २०१३ साली माँट्रियलमधील एका इटालियन उपाहारगृहास, खाद्यपत्रिकेवर ‘पास्ता’सारखे इटालियन शब्द असल्याबद्दल कार्यालयाचे पत्र गेले. जगभर हसे झाले आणि आपल्या निरीक्षकाचा उत्साह जरा अधिक झाला, असे कार्यालयास कबूल करावे लागले.

येथे एक आक्षेप येईल व तो गंभीर आहे. ‘वाक्याची वळणेही शेवटी पचतात, मग त्यांचीच एवढी चिंता का?’ पचतात हे खरे. ‘जाणीव होणे’ या इंग्रजी अर्थाने आलेल्या फ्रेंच ‘रेआलिझे’वर एकेकाळी मोठा गहजब झाला, आज त्याकडे कोणी वळून पाहत नाही. प्रत्येक उसने वळण पाप आहे असे मी म्हणत नाही. पण नाम येते तेव्हा बहुधा नव्या वस्तूबरोबर, रिकाम्या जागेत येते. वळण येते ते जागा भरलेली असताना, कोणास तरी उठवून. ‘बाँ मातँ’ने ‘बाँजूर’ला उठवले तर फ्रेंचला काय मिळाले? एक अभिवादन गेले आणि त्याच जागी इंग्रजी अभिवादनाची छाया आली.

आपल्याकडे

आता ज्या मराठी चर्चेपासून आरंभ केला तिच्याकडे येऊ. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून फ्रेंचांचा दाखला अधिकच जोराने दिला जातो. दाखला देणारे सद्गृहस्थ सकाळी ‘सुप्रभात’ धाडतात, आणि ते शंभर टक्के मराठी, नव्हे संस्कृत, असल्याचे समाधान मानतात. हा आपला ‘बाँ मातँ’ आहे. ‘राम राम’ आणि ‘नमस्कार’ यांच्या जागेवर तो येऊन बसला आहे, आणि त्यावर कोणत्याही समितीचा आक्षेप येणार नाही, कारण त्यात इंग्रजी अक्षर नाही. ‘दिवसाच्या शेवटी महत्त्वाचे काय, तर’ असे भाषण देणारा वक्ता ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ या शब्दांवर घसरतो. वस्तुतः ‘ते टेबल’, ‘टेबलाखाली’, ‘स्टेशनावर’ अशी लिंगे व सामान्यरूपे देऊन मराठीने त्यांना केव्हाच पचविले. ‘दिवसाच्या शेवटी’ मात्र अजून पोटात टोचते आहे. ‘मिस करतो’ यातल्या ‘मिस’वर आपण चिडतो आणि शुद्ध मराठी म्हणून ‘मला तुझी उणीव भासते’ असे लिहितो. ‘तुझी आठवण येते’ हे साधे वाक्य दोघांच्या मध्ये चिरडून जाते.

याची जबाबदारी बऱ्याच अंशी आपल्या वर्गांवर आहे. भाषांतर शिकविताना आपण विचारतो : ‘या शब्दास मराठी प्रतिशब्द लिहा.’ उत्तरपत्रिका तपासावयास सोपी जाते. एका रांगेत इंग्रजी, दुसऱ्या रांगेत मराठी, मध्ये रेघ. त्या रेघेवरून चालत आलेला विद्यार्थी पुढे वृत्तपत्रात, शासनात, जाहिरातसंस्थेत जातो आणि आयुष्यभर ‘सावकाश’ अशाच पाट्या लिहीत राहतो. त्यास शब्द येत नाहीत असे नाही. या जागी उभा असलेला मराठी माणूस काय म्हणेल, हा प्रश्न त्यास कोणी विचारलेला नसतो.

तो विचारण्यास शासनाची किंवा समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या सत्रात प्रश्नपत्रिकेतील प्रतिशब्दांची यादी काढून टाकावी आणि तिच्या जागी दहा प्रसंग द्यावेत. नुकत्याच रंगविलेल्या बाकावर लावावयाची पाटी. चावऱ्या कुत्र्याचे फाटक. आभार मानणाऱ्यास द्यावयाचे उत्तर. परगावी गेलेल्या मुलास आईने लिहिलेली एक ओळ. दुकानात गिऱ्हाइकास विचारावयाचे पहिले वाक्य, एकदा पुण्यात आणि एकदा मालवणात. शेजारी इंग्रजी व फ्रेंच पाठ ठेवावेत आणि विद्यार्थ्यास सांगावे की त्यांच्याकडे पाहा, पण त्यांचे भाषांतर करू नकोस. फ्रेंचांकडून काही शिकावयाचे असेल तर ते एवढेच, आणि ते शिकण्यास एकही शब्द मोजावा लागत नाही.